चौदा पावलं

विश्वजितराव गेले त्याला पाच महिने अकरा दिवस झाले होते, आणि शैलजाला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. शेवटच्या तीन वर्षांत ते आपल्याकडे बघत होते की नव्हते?

असला प्रश्न विचारणार कुणाला? जावेला विचारला असता तर पुढच्या हळदीकुंकवापर्यंत तो सगळ्या गल्लीत फिरून आला असता. देवाला रोज विचारून झाला होता. फुलं वाहताना, वात सारताना, ओठ न हलवता. देव बापडा ऐकून घेत होता, एवढंच. पण ते साल २०४१ होतं, आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका बंद पडलेल्या थिएटरच्या इमारतीत या प्रश्नाचं उत्तर देणारं यंत्र होतं.

तिथं जायचं म्हणून त्या दिवशी शैलजानं पूजा लवकर आटोपली, तुळशीला पाणी घातलं, आणि नवऱ्याच्या फोटोकडे न बघता कुलूप लावलं.

*

विश्वजितराव शाळेत चित्रकलेचे मास्तर होते, पण जीव पठारावर. लग्नानंतरच्या पहिल्याच भाद्रपदात ते तिला पन्हाळ्याच्या पलीकडच्या मसाई पठारावर घेऊन गेले. कातळावर जांभळ्या-निळ्या फुलांचा गालिचा. सीतेची आसवं म्हणतात त्या फुलांना. त्यांनी तिवईवर कॅमेरा लावला आणि म्हणाले, "चौदा पावलं चाल. सरळ."

"मोजून?"

"मग काय अंदाजे?"

नव्या नवरीनं मोजून चौदा पावलं टाकली. वळली. केस सारखे केले. छानसं हसली.

"हसू नको. पदर धर हातात. काठ दिसू दे मला." त्यांनी भिंगाची कडी कणाकणानं फिरवली. काठाच्या बारीक रेघांवर फोकस बसला. "हं. आता बाजूला हो."

"म्हणजे?"

"म्हणजे चौकटीच्या बाहेर. फोटो काढायचाय की!"

परतीच्या वाटेवर पन्हाळा येईपर्यंत शैलजा एक अक्षर बोलली नाही. पन्हाळ्यावर त्यांनी कणीस घेऊन दिलं आणि कणीस खाता खाता तिला समजावलं.

"भिंगाचं असं असतं, शैला. ते एका वेळी एकाच अंतराकडे मनापासून बघतं. त्याच्या अलीकडचं-पलीकडचं हळूहळू पुसट होत जातं. पायाशी फूल आणि लांब डोंगर, दोन्ही बरे दिसायला हवेत, तर फोकस ना फुलावर ठेवायचा, ना डोंगरावर. मधे एक जागा असते. तिथं ठेवला की तिच्या निम्म्या अंतरापासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पदरात पडतं. माझ्या या भिंगाला ती जागा पस्तीस फुटांवर आहे. तुझी चौदा पावलं."

"माझी पावलं कधी मोजलीत?"

"लग्नात. सप्तपदीला." ते कणसाचे दाणे दातांत धरून हसले. "तेव्हाच म्हटलं, ही चालेल."

ते नेहमी म्हणायचे की डोंगर निसर्ग उभा करतो, ऊन निसर्ग पाडतो, फोटोवाल्याची सही म्हणजे फक्त फोकस कुठं ठेवला तेवढी. आणि तीसपेक्षा जास्त वर्षं ती सही शैलजाच्या साडीच्या काठावर झाली. ती चौदा पावलं चालायची, काठ धरायची, बाजूला व्हायची. त्यांच्या एकाही निसर्गचित्रात ती नव्हती, आणि प्रत्येक चित्रात सगळ्यात धारदार दिसणारी जी रिकामी जागा होती, तिथं क्षणापूर्वी ती उभी होती. हे जगात दोघांनाच माहीत होतं. शेजारीण म्हणायची, "तुमचे मिस्टर एवढे फोटो काढतात, तुमचा एक नाही?" शैलजा म्हणायची, "आयुष्यभर मला बाजूला हो म्हणणारा माणूस आहे तो." म्हणताना तिचा चेहरा मात्र खुललेला असायचा.

*

मग तो नवा कॅमेरा आला.

जुना कॅमेरा प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश पडला एवढंच टिपायचा. नव्यात भिंगाच्या मागे मोहरीहून लहान अशी लाखो भिंगं होती, आणि आलेला प्रत्येक किरण कुठल्या दिशेनं आला हेही त्याला कळायचं. दिशा कळली की किरण उलटा पाठवता येतो. म्हणजे फोटो काढताना फोकस ठेवायलाच नको. घरी जा, चहा घ्या, मग ठरवा: फूल स्पष्ट करायचं की डोंगर.

एका फोटोला जुन्या हजार फोटोंएवढी जागा लागायची, म्हणून हे किरण सरकारी प्रकाशकोषात ठेवत. फोटोवाला गेला तर वारसांनी सहा महिन्यांत प्रत्येक चित्राचा फोकस एकदाच आणि कायमचा ठरवून द्यायचा. त्याला निश्चिती म्हणत. निश्चिती झाली की उरलेले किरण पुसून टाकत.

दुसरीही एक सोय त्यात होती. यंत्रांनी बसल्या जागी बनवलेल्या फोटोंचा त्या काळात इतका पूर आला होता की खरा फोटो ओळखता येईना. म्हणून कॅमेऱ्याला डोळा लावला की तो बुबुळाची दिशा नोंदवून ठेवायचा. बटण दाबताना बुबुळ जिथं रोखलेलं, ती दृष्टिनोंद. तिथंच फोकस ठेवला तर चित्रावर शिक्का बसायचा: 'माणसाने पाहिलेले'.

विश्वजितरावांनी सुरुवातीला या कॅमेऱ्याची भरपूर टर उडवली. "लग्न आधी करायचं आणि नवरी नंतर निवडायची! असला कसला फोटो?" आणि मग एक दिवस, कुणाला काही न सांगता, तोच घेऊन आले.

"काय ओ, सही विकली वाटतं?" शैलजानं विचारलं.

"हात थकले," ते म्हणाले. तिच्याकडे न बघता.

तिथून सगळं फिरलं. आता ते तिला चौदा पावलांवर उभं करायचे, आणि बाजूला हो म्हणायचेच नाहीत. "तिथंच थांब. आणि म्हण काहीतरी."

"काय म्हणू?"

"तुझा जप म्हण. मोठ्यानं."

पठारावर, वाऱ्यात, साठीची बाई मोठ्यानं जप म्हणतेय. तिला वाटायचं, उतारवयात चेष्टा सुचतेय. पण चौकटीत आपल्याला ठेवतायत याचं सुखही वाटायचं. ती म्हणायची.

घरी मात्र निराळंच. चहा दिला तर ते कपाकडे न बघता हात पुढे करायचे. तिच्याशी बोलायचे ते तिच्या कानाशी कुणी उभं असावं तसं. आधी तिला वाटलं मागं कुणी आलं, तिनं वळून बघितलं. मग वळायचं सोडलं.

"माझ्याकडे बघून बोला की."

"बघतोच आहे."

"भिंतीकडे बघताय."

"भिंत बरी दिसते आजकाल," ते हसून म्हणाले. आणि ते हसू तिच्या मनात काट्यासारखं राहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस एकदम डोळे चुकवायला लागतो तेव्हा बायकोच्या मनात काय काय येतं, ते लिहायला नको.

*

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी तिनं सांगितलं, "या चातुर्मासात मी मौन धरणार. उठल्यापासून दुपारी देवाचा नैवेद्य होईपर्यंत."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "दुपारनंतरचं धर की, शैला. सकाळी मला तुझा आवाज लागतो."

"कशाला? चहा आला हे कळायला?"

"असंच."

शैलजानं आयुष्यात कुठलंही व्रत मनात दुसरं काही ठेवून केलं नव्हतं. सोमवार, एकादशी, संकष्टी, अधूनमधून लागलेले नेम, सगळे सरळ. हे एकच व्रत वाकडं होतं. वरून देवाचं आणि आतून रागाचं. तुम्ही बघत नाही ना, मग मी बोलत नाही. तिला ते ठाऊक होतं. संकल्प सोडताना हातातल्या पळीतलं पाणी थोडं सांडलं, तेव्हाच ठाऊक होतं.

भाद्रपदात ते पठारावर गेले. धुकं होतं. तिनं राखाडी सुती साडी नेसली होती, मुद्दाम, काठ नसलेली. त्यांनी तिवई लावली. "जा. चौदा."

शैलजा सरळ गेलीच नाही. डाव्या हाताला एक उथळ तळं होतं, त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. ओरडतील, म्हणतील इकडे ये, तिकडे कुठं गेलीस. निदान तेवढं तरी बघतील.

"म्हण गं काहीतरी."

ती गप्प.

"आज एक दिवस मोड. देवाशी मी बोलतो, माझी ओळख आहे."

तिनं ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

"बरं, नको मोडूस. टाळी तरी वाजव. मौनात टाळी चालते."

चेष्टा. व्रताचीसुद्धा चेष्टा. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. बांगड्यासुद्धा वाजू दिल्या नाहीत.

कॅमेऱ्याला डोळा लावून ते वाट बघत राहिले. मग बटण दाबलं.

दुपारी नैवेद्य झाल्यावर ती बोलली ते, "भाजीला मीठ कमी आहे का?" त्यानंतर तेवीस दिवसांनी, सकाळी दाढीचं पाणी घेऊन बसलेले असताना, त्यांचं हृदय थांबलं. तिचं मौन तेव्हाही चालू होतं. पहिली हाक तिनं मारली तेव्हा ऐकायला ते नव्हते.

*

राजारामपुरीतल्या प्रकाशकोषाच्या केंद्रात निश्चितीचं काम बघायला रेहाना मुल्ला होती. पंचेचाळिशीची, चष्मा कपाळावर चढवलेली. विश्वजितरावांची शाळेतली विद्यार्थिनी.

"वहिनी, बसा. चहा सांगू? आज सोमवार. उपास असेल."

"चहा चालतो."

"सरांची बेचाळीस चित्रं आहेत. सगळी मसाईचीच." रेहाना जरा घुटमळली. "दोन मार्ग आहेत बघा. दृष्टिनोंदीप्रमाणं करायचं, की तुम्ही वारस म्हणून निवडायचं. तुम्ही निवडलं तर शिक्का बसत नाही, पण... तुम्ही प्रत्येक चित्रात आहात, वहिनी. म्हटलं तर तुम्हालाच स्पष्ट करून टाकू."

"नको. ते जिथं बघत होते तिथंच. माझ्या मनाचं एकही नको."

पहिलं चित्र उघडलं. हिरवं पठार, मधोमध शैलजा, हात जोडलेले. रेहानानं कळ दाबली, चित्रावर एक तांबडा ठिपका उमटला. ती विश्वजितरावांची नजर. ठिपका शैलजावर नव्हता. तिच्या डोक्याच्या डावीकडे, वर, लांबच्या डोंगरकड्यावर होता. फोकस तिथं सरकला. कड्यावरचं झुडूपन्‌झुडूप दिसायला लागलं, आणि मधोमध उभी असलेली बाई पाण्यात पडलेल्या रंगासारखी पसरली.

दुसरं चित्र. ठिपका डावीकडे, वर. ढगावर. बाई पुसट.

तिसरं. तेच.

शैलजाला उत्तर मिळालं होतं. तिनं पर्समधली जपमाळ चाचपली आणि हात तिथंच ठेवला.

"चौथं दाखवू नकोस," ती शांतपणे म्हणाली. "सगळी एकदम करून टाक."

"वहिनी, परत फिरवता येत नाही हं. किरण पुसले जातात. आज जरा थांबून..."

"कर गं बाई. माझा उपास आहे, मला घरी जायचंय."

रेहानानं केलं. पडद्यावरची पट्टी भरत गेली. एक्केचाळीस चित्रं झाली, आणि बेचाळिसाव्याला यंत्र अडलं: 'विषय सापडला नाही.'

"शेवटच्यात ठिपका नुसत्या धुक्यात पडतोय," रेहाना म्हणाली. "याला हातानं बघायला लागणार. उद्या या."

*

दुसऱ्या दिवशी रेहाना दारातच उभी होती. डोळे सुजलेले.

"वहिनी, आधी बसा. मग मला काय बोलायचं ते बोला."

तिनं पडद्यावर बेचाळीस ठिपके एकावर एक ठेवून दाखवले. "काल शेवटच्या चित्रापायी मी सगळ्या नोंदी परत काढल्या. नोंदी राहतात, किरणच जातात. हे बघा. तुम्ही चौकटीत मधे असा, डावीकडे असा, उजवीकडे असा. सरांची नजर तुमच्यापासून तेवढीच लांब. पाच अंश. हात लांब करून तीन बोटं धरली तर जेवढी दिसतात तेवढं. दर वेळी डावीकडे आणि वर. एक्केचाळीस वेळा, केसाचा फरक नाही. माणूस इकडंतिकडं बघतो तेव्हा असं बघतो होय?"

"म्हणजे यंत्र बिघडलेलं?"

"यंत्र बरोबर आहे. यंत्राला एवढंच माहीत, की बुबुळ जिकडं, तिकडंच माणूस बघतो." रेहानानं चष्मा काढला. "माझी अम्मी शेवटची चार वर्षं माझ्या कानाकडं बघून बोलायची. मी म्हणायची, अम्मी, कानातले आवडलेत का गं? ती म्हणायची, गप, तुझं तोंड बघायचं तर असंच बघायला लागतं."

शैलजाच्या हातातली पर्स मांडीवरून सरकून खाली पडली. दोघींनीही ती उचलली नाही.

"डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध एक जागा असते," रेहाना हळू बोलत होती. "आपण ज्याच्याकडं रोखून बघतो ते तिथं उमटतं. काही जणांची तेवढीच जागा झिजते. मग सरळ बघितलं की मधे करडा डाग. ज्याच्याकडं बघावं तेच नाहीसं. बाजूचं सगळं दिसतं. मग माणूस नकळत शिकतो. ज्याला बघायचं त्याच्यावरून नजर काढून घेतो, जरा शेजारी ठेवतो. तेव्हा ते माणूस कडेच्या चांगल्या जागेवर येतं, आणि थोडंफार दिसतं."

"ज्याला बघायचं..."

"व्हय, वहिनी. सर तुम्हालाच बघत होते."

मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची एक जुनी पावती विश्वजितरावांच्या कोटात सापडली होती. चष्म्याची असेल म्हणून शैलजानं ती पर्सच्या कप्प्यात ठेवून दिली होती. पर्स उचलून तिनं ती आता काढून दिली, आणि त्यावरच्या नंबरावर रेहानानं फोन लावला. डॉक्टर वयस्कर होते, आवाज दमलेला.

"सरनाईक मास्तर ना? तीन वर्षं येत होते. दोन्ही डोळे. मी शंभरदा म्हटलं, घरी सांगा. ते म्हणायचे, नको. बायकोला कळलं की ती माझ्या डोळ्यांसाठी सोळा सोमवार धरील. तिच्या अंगात आधीच रक्त नाही, एकादशीला चक्कर येते. डोळे काय, गेले तर माझे जातील, तिला कशाला उपाशी ठेवू." मग डॉक्टर म्हणाले, "ताई, त्या कॅमेऱ्याचं मीच सुचवलं होतं. त्याला फोकस करायला लागत नाही म्हणून. ते म्हणाले, बघू, बायको कुठं उभी आहे ते आवाजावरून कळतं, तेवढं पुरे."

फोन ठेवल्यावर शैलजानं पावतीची घडी केली. मग तिनं विचारलं, "ती एक्केचाळीस परत येणार नाहीत ना?"

रेहानानं मान हलवली. "आवाज राहिलेत. हा कॅमेरा बटणाआधीचे काही क्षण आवाजही धरून ठेवतो. एक्केचाळीस चित्रांत तुमचा जप आहे, वहिनी. चित्रात मात्र तुम्ही... मी काल थांबायला हवं होतं."

"तू थांबलीच होतीस. घाई माझी होती."

*

बेचाळिसावं चित्र उघडलं. धुकं, कातळ, फुलं. डाव्या कडेला तळ्याशी एक राखाडी आकृती, अर्धी चौकटीबाहेर कापली गेलेली. तांबडा ठिपका मध्याच्या जरा डावीकडे, वर, कोऱ्या धुक्यात.

"आता ठिपका पाच अंश दुरुस्त करते," रेहाना म्हणाली. "डॉक्टरांचं पत्र जोडलं की चालतं, शिक्काही बसतो. मूळ ठिकाण सापडेल. सर खरंच कुठं बघत होते ते."

तिनं ठिपका उजवीकडे घेतला, खाली आणला. शैलजा पडद्याजवळ सरकली. ठिपका राखाडी आकृतीकडे गेलाच नाही. तो समोरच्या मोकळ्या जागेत, फुलांच्या वर, माणसाच्या चेहऱ्याएवढ्या उंचीवर जाऊन थांबला. तिथं कुणी नव्हतं.

"असं कसं?" रेहाना पुटपुटली. "माझंच काही चुकलं. इथं तर मोकळं आहे. तुम्ही तिकडं तळ्याशी."

"ती जागा किती लांब आहे?"

"तिथं चेहरा धरला, तर पाय जिथं टेकतील ती जमीन... दहा पॉइंट सहा मीटर."

"फुटांत सांग."

"पस्तीस. पस्तीसला जरासं कमी."

पुढचं शैलजाला मोजावं लागलं नाही. तिची पावलं त्यांनी लग्नातच मोजून ठेवली होती.

"आवाज आहे याला," रेहाना म्हणाली. "राहू दे का?"

"लाव."

आधी नुसता वारा. मग तो आवाज, घशाशी थोडा बसलेला, हसऱ्या सुरात काळजी लपवणारा. "बरं, नको मोडूस. टाळी तरी वाजव. मौनात टाळी चालते." वारा. कुठल्यातरी पक्ष्याची एक शीळ. पुन्हा वारा, बराच वेळ. आणि मग अगदी हळू, पठारावर तिला कधीच ऐकू न आलेलं, कॅमेऱ्याला तोंड लावून जणू त्यालाच विचारलेलं: "आहेस ना गं?"

वारा. मग बटणाचा आवाज.

म्हणजे उत्तर आलं नाही तरी त्यांनी आहे असंच धरलं होतं. करड्या डागाच्या शेजारी नजर ठेवून, जिथं ती चाळीस वर्षं न चुकता जाऊन उभी राहिली तिथं, त्या मोकळ्या हवेत, त्यांनी तिचा चेहरा शोधला होता. आणि ती तळ्याशी, बांगड्या घट्ट धरून, ते बघत नाहीत म्हणून रागावून उभी होती.

रेहानानं डोळे पुसले. "वहिनी, माझं ऐका. हे एकच राहिलंय. फोकस तुमच्यावर घेते. शिक्का नसू दे. निदान एका चित्रात तरी तुम्ही स्पष्ट दिसाल. सरांनाही तेच हवं असेल."

शैलजानं पडद्यावरच्या राखाडी बाईकडे बघितलं. चेहरा दिसत नव्हता, पण खांदे ओळखू येत होते. ताठ, हट्टी. तिला त्या बाईचा राग आला नाही. मुलीची यावी तशी कीव आली.

"नको," ती म्हणाली. "त्यांनी बघितलं तिथंच ठेव."

"मोकळ्या जागेवर?"

"मोकळी नाही ती."

रेहानानं कळ दाबली. पस्तीस फुटांवरची सीतेची आसवं एकेक पाकळी दाखवत वर आली. त्यांवरचे दवाचे थेंब, कातळावरच्या बारीक भेगा, सगळं सुईच्या टोकासारखं. त्याच्या अलीकडे-पलीकडे धुकं. इतकी धार विश्वजितरावांच्या जुन्या चित्रांतच असायची. डाव्या कडेची आकृती धुक्यात मिसळून गेली.

शेवटी अर्ज आला. रेहानानं वाचला. "विषय काय लिहू? हा रकाना कोरा ठेवता येत नाही."

"शैलजा विश्वजित सरनाईक."

रेहानानं लिहिलं. बोट डाव्या कडेकडे नेऊन ती अडखळली. "आणि या, तळ्याजवळच्या?"

"ती बाजूला झाली," शैलजा म्हणाली.

पडद्यावर पट्टी भरत होती. ती पुरी व्हायच्या आत तिनं पदराखालून हात बाहेर काढले आणि एक टाळी वाजवली. बांगड्यांसकट.